एका सिंथेटिक ऑइलमध्ये दुसरं ओतलं तर इंजिनात ‘दही’ लागतं का? नव्या गाडीवाल्यांसाठी

सप्टेंबरात पाहुण्यांना कासची फुलं दाखवून परत येत होतो. यवतेश्वर घाट उतरताना एका वळणावर डॅशबोर्डवर ती लाल किटली, म्हणजे इंजिन ऑइलचा इशारा देणारा दिवा, चमकली आणि विझली. मला वाटलं भास झाला. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला, पुन्हा चमकली. सरळ रस्त्याला लागलो की गायब. तिसऱ्या वेळेला मात्र गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि ऑइलची पट्टी ओढली. कोरडी ठाक. टोकाला बोटभरसुद्धा काळं नाही. खाली अख्खं सातारा दिसतंय, समोर अजिंक्यतारा दिसतोय आणि ऑइलचं दुकान तेवढं कुठं दिसत नाही.

मेहुण्याला फोन लावला. तो पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात गेला आणि तिथून त्याचा उलटा फोन आला. “दाजी, तुमच्यात ५डब्ल्यू-३० आहे म्हणालात ना? इथं ५डब्ल्यू-४० आहे, आणि कंपनी पण दुसरी. दोन्ही फुल्ली सिंथेटिक. पण दुकानदार म्हणतोय मिसळू नका, इंजिनात दही लागतंय.”

(हे आकडे म्हणजे ऑइलच्या घट्टपणाचा ग्रेड, त्याबद्दल पुढं.) मी म्हटलं, घेऊन ये. ओतलं. गाडी घरी आली आणि आजही चालते आहे. पण त्या तासाभरात मी जेवढा घाबरलो तेवढं घाबरायचं काही कारण नव्हतं, आणि ज्याला घाबरायला हवं होतं तिकडं माझं लक्षच नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

उत्तर आधी सांगून टाकतो. चारचाकीच्या इंजिनासाठी बनवलेली दोन सिंथेटिक ऑइल, कंपनी वेगळी असली, ग्रेड थोडा वेगळा असला तरी, एकमेकांत मिसळतात. गोठत नाहीत, फाटत नाहीत. अडचणीत ओतायला हरकत नाही. कायमची सवय म्हणून ते बरं नाही, आणि काही ठिकाणी तर अजिबात करायचं नाही. ती ठिकाणं पुढं येतीलच.

गाडीत काय असू द्यावं

- ओनर्स मॅन्युअल. निदान ऑइलच्या पानाचा मोबाइलमध्ये फोटो.
- शेवटच्या ऑइल बदलीचं बिल. त्यावर ग्रेड आणि किलोमीटर दोन्ही लिहून घ्या. नुसतं ‘इंजिन ऑइल’ असं लिहिलेलं बिल कामाचं नाही.
- त्याच ऑइलचा एक लिटरचा सीलबंद कॅन.
- नरसाळं. नसेल तर पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून होतं, पण बाटली आतून कोरडी हवी.
- जुना बनियन, टॉर्च, रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण.

माझ्याकडं यातला बनियन होता.

१. लाल किटली दिसली की इंजिन बंद

हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब पडलाय हे सांगतो. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, ऑइल कमी असलं की वळणावर किंवा ब्रेक दाबल्यावर ते एका बाजूला पळतं, पंपाची नळी हवा ओढते आणि दिवा चमकतो. सरळ रस्त्यावर ऑइल जागेवर येतं, दिवा विझतो आणि आपण निर्धास्त होतो. मी दोन वळणं असाच निर्धास्त होतो. ‘गाव तीन-चार किलोमीटरवर तर आहे, हळूहळू जाऊ’ असा विचार करू नका. बेअरिंग कोरडी पडली की इंजिन जाम व्हायला तेवढं अंतर पुरतं.

आमच्यातल्या एका पाहुण्याने सुचवलं, “उतारच आहे, इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये सोडू.” हे तर त्याहून वाईट. इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर दोन-तीनदा दाबण्यापुरताच साथ देतो, पुढं ब्रेक दगडासारखा होतो, स्टेअरिंगही जड होतं. यवतेश्वरच्या वळणांवर हा प्रयोग नको.

काही गाड्यांत पिवळा दिवा वेगळा असतो, तो पातळी कमी झाल्याचा. त्याला थोडी उसंत आहे. लालला नाही.

२. पट्टी सपाट जागेवर वाचा

घाटात उतारावर उभ्या गाडीची पट्टी खोटं बोलते. नाक खाली असेल तर ऑइल पुढं सरकलेलं असतं, आणि पट्टी कुठं बसवली आहे त्यावर आकडा वर किंवा खाली दिसतो. आम्ही दोघांनी ढकलून गाडी जरा सपाट जागेवर आणली. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, वरचं ऑइल खाली उतरतं. मग पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, त्यावर शिंतोडे असतात. दोन्ही बाजू बघा आणि कमी दाखवणारी बाजू खरी धरा.

खालच्या आणि वरच्या खुणेतलं अंतर छोट्या गाड्यांत साधारण एक लिटरच्या आसपास भरतं. नेमकं मॅन्युअलमध्ये असतं.

पट्टीवर ऑइल बरोबर दिसतंय आणि तरी लाल दिवा जळतोय, तर प्रश्न पंपाचा किंवा सेन्सरचा आहे. ऑइल ओतून तो सुटणार नाही. टोइंग बोलवा.

३. कॅनवर कंपनीचं नाव सोडून बाकी सगळं वाचा

दुकानात उभं राहिल्यावर आपली नजर ब्रँडवर आणि ‘फुल्ली सिंथेटिक’ या मोठ्या अक्षरांवर जाते. कामाचं असतं ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात. तिथं तीन गोष्टी शोधा.

पहिली, घट्टपणाचा आकडा, म्हणजे ५डब्ल्यू-३० वगैरे. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत इंजिन सुरू होताना ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो. ५डब्ल्यूची ही चाचणी उणे ३० अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ला, १५डब्ल्यूची उणे २०ला. महाबळेश्वरात वेण्णा लेकजवळ दव गोठलं की आपल्याकडं बातमी होते, तेव्हा साताऱ्या-सांगलीच्या थंडीने या आकड्यात जीव अडकवण्यात अर्थ नाही. आपल्याला महत्त्वाचा दुसरा आकडा. तो इंजिन तापल्यावरचा घट्टपणा, १०० अंशांना मोजलेला. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या (घट्टपणा मोजायचं एकक) आतलं, ४० म्हणजे १२.५ ते १६.३च्या आतलं, ५० त्याहून जाड. हे पट्टे एकमेकांना लागून आहेत. ३०मध्ये ४० मिसळलं तर मिश्रण त्या दोघांच्या मध्ये कुठंतरी बसतं. माझ्या इंजिनात निम्म्याला निम्मं झालं होतं, म्हणजे ते हद्दीच्या आसपास असणार. ॲव्हरेज थोडं पडेल, बिघडत काही नाही.

दुसरी, दर्जाची अक्षरं. पेट्रोल गाडीला एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन, एसपी असं काहीतरी असतं. पहिलं अक्षर एस म्हणजे पेट्रोल, पुढचं अक्षर वर्णमालेत जितकं पुढं तितकं नवं. एसएन २०१०चं, एसपी २०२०चं. डिझेलला सीने सुरू होणारे: सीआय-४, सीके-४. टर्बो पेट्रोल गाडी असेल तर एसपी किंवा त्यापुढचंच बघा. कमी वेगात जोर लावताना सिलिंडरमध्ये अवेळी पेट घेण्याचा जो त्रास या इंजिनांना होतो, तो आवरण्याची चाचणी एसपीमध्ये आहे.

तिसरी, बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी. १ एप्रिल २०२० नंतरच्या या गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. काजळी तो जाळून टाकतो, पण ऑइलमधल्या धातूंच्या मिठांची राख जळत नाही, ती तिथंच साचत राहते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. कॅनवर एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) सी२, सी३ असं लिहिलेलं दिसेल. अडचणीत अर्धा लिटर दुसरं गेलं म्हणून फिल्टर लगेच तुंबणार नाही. पण दर वेळी शेतावरच्या ट्रॅक्टरच्या डब्यातलं ऑइल ओतत राहिलात तर फिल्टरचं बिल बघून घाम फुटेल.

४. मग दही कुठून आलं?

आधी सिंथेटिक म्हणजे काय ते बघू. एपीआयने मूळ तेलांचे पाच गट केले आहेत. पहिले दोन साधे, कच्च्या तेलातून शुद्ध केलेले. तिसऱ्या गटातलंही कच्च्या तेलातूनच येतं, पण हायड्रोजनच्या दाबाखाली त्याचे रेणू इतके मोडून-जोडून घेतलेले असतात की ते जवळपास नवंच होतं. चौथा पीएओ, म्हणजे कारखान्यात रेणू जोडून केलेलं. पाचव्यात उरलेले सगळे. त्यात एस्टर येतात. तिसऱ्या गटाला ‘सिंथेटिक’ म्हणायचं की नाही यावर १९९९मध्ये अमेरिकेत दोन बड्या कंपन्यांची जाहिरातींवरून जुंपली होती. तिसऱ्या गटाच्या बाजूने कौल लागला. त्यामुळं आज एकाच फळीवरच्या दोन ‘फुल्ली सिंथेटिक’ कॅनांत दोन वेगळी तेलं असू शकतात, आणि लेबलवरून ते कळतही नाही.

पण तिसऱ्या गटाचं, पीएओ आणि इंजिन ऑइलमध्ये वापरतात ते एस्टर, ही सगळी एकमेकांत विरघळतात. कित्येक कंपन्या तर एकाच कॅनमध्ये दोन-तीन गटांची तेलं घालतात. साध्या मिनरल ऑइलशीही ती मिसळतात. ‘सेमी सिंथेटिक’ म्हणजे दुसरं काय असतं? एपीआयच्या परवान्यासाठी ऑइलला एक चाचणी द्यावीच लागते: ठरावीक नमुन्याच्या ऑइलांशी मिसळून, थंड करून, तापवून बघतात, थर सुटता कामा नये. न मिसळणारं सिंथेटिक म्हणजे पीएजी, पण ते एसीच्या कॉम्प्रेसरसारख्या ठिकाणी असतं. गाडीच्या इंजिन ऑइलच्या फळीवर तुम्हाला ते भेटणार नाही.

घरी आल्यावर कपाटात मागच्या बदलीतलं उरलेलं अर्धा लिटर ५डब्ल्यू-३० सापडलं. सर्व्हिस सेंटरने बिलासोबत परत दिलेलं, घाटात मला आठवलंच नव्हतं. त्यातलं थोडं आणि मेहुण्याने आणलेलं थोडं, निम्मं-निम्मं, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतलं, हलवलं आणि गच्चीच्या जिन्यात ठेवलं. एक मधासारखं पिवळं होतं, दुसरं जरा तांबूस. ढवळताना क्षणभर उन्हात रसनाच्या पाकासारख्या रेघा दिसल्या आणि मग एकच रंग झाला. दिवाळीच्या साफसफाईत बायकोने बरणी बाहेर काढली तेव्हाही एकच रंग होता. ना थर, ना गाळ. आता खरं सांगायचं तर या बरणीने एवढंच कळतं की दोन्ही एकत्र राहतात. इंजिनात ती किती टिकतील हे बरणी सांगत नाही.

टिकण्याचा संबंध आहे तो ऑइलमध्ये घातलेल्या रसायनांशी: झीज थांबवणारं, काजळी धरून ठेवणारं, फेस मोडणारं. प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं. दोन मसाले एकत्र केल्यावर आमटी खाण्यासारखी होते, पण चव दोन्हीपैकी कुठलीच राहत नाही, तसं. म्हणून मिश्रण झालं की दोन्हीतलं जे हलकं असेल त्याच्या मुदतीने बदली करायची.

मग दुकानदार म्हणाला ते दही खोटं का? दही खरं असतं, कारण वेगळं असतं. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली तर ती बहुतेकदा पाण्याची वाफ. गाडी रोज घर ते भाजीमंडई एवढीच फिरत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही आणि ओल आत राहते. पट्टीवरच ऑइल दुधाळ दिसलं तर कूलंट आत शिरतोय, हेड गॅस्केट बघा, आणि गाडी चालवू नका. काळं, डांबरासारखं दही म्हणजे कोणीतरी दोन-तीन बदल्या चुकवल्यात. आणि खरोखर मिसळल्यावर गोठण्याची गोष्ट कूलंटची आहे. वेगवेगळ्या जातीचे दोन कूलंट एकत्र आले तर जेली होऊ शकते. ब्रेक ऑइलमध्येही डॉट ४मध्ये सिलिकॉनचं डॉट ५ चालत नाही. मला वाटतं या इशाऱ्यांची आणि इंजिन ऑइलची कुठंतरी गल्लत झाली आणि ती काउंटरवरून काउंटरवर फिरत राहिली.

५. काय घ्यायचं, कुठल्या क्रमाने

तोच ग्रेड, तोच दर्जा, तीच कंपनी मिळाली तर प्रश्नच नाही. कंपनी वेगळी पण ग्रेड आणि दर्जा तोच, तर बिनधास्त. ग्रेड एका पायरीने वेगळा, म्हणजे ३०च्या जागी ४०, तर घरी पोचण्यापुरतं चालतं. सेमी सिंथेटिक किंवा मिनरल १५डब्ल्यू-४० एवढंच मिळालं तरी रिकाम्या इंजिनापेक्षा ते शंभर पटीने बरं.

हे मात्र नाही म्हणजे नाही: गिअर ऑइल, म्हणजे ८०डब्ल्यू-९०, ईपी-९० वगैरे, ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल, टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल, पिंपातून मापाने मिळणारं सुटं ऑइल. आणि ‘इंजिन मक्खन होतं बघा’ म्हणून हातात ठेवतात ती छोटी बाटली. ती दुकानदारालाच परत द्या.

६. ओतताना

पाव लिटर ओता, दोन-तीन मिनिटं थांबा, पट्टी बघा. माझं एक लिटर गेलं तेव्हा कुठं ऑइल खालच्या खुणेला शिवलं. दुसऱ्या कॅनमधलं अर्ध्याहून थोडं जास्त लागलं आणि वरच्या खुणेच्या जरा खालीच थांबलो. घाईत पूर्ण कॅन रिकामा करू नका. ऑइल जास्त झालं की क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनाचा दांडा) त्यात घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने दाब पडतो, म्हणजे पुन्हा तीच लाल किटली. मेहुणा म्हणाला, “दाजी, राहिलंय थोडं, टाका की.” नाही टाकलं. बरणीत गेलं ते तेच.

झाकण लावा, इंजिन सुरू करा, दिवा दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. अर्धा मिनिट चालवून बंद करा, गाडीखाली वाकून बघा. काय ओतलं, किती, किती किलोमीटरला, हे बिलाच्या मागं लिहून ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर कॅनचं पक्कं बिलही जपा.

७. दुचाकीचं गणित वेगळं

हा मुद्दा छोटा आहे पण सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडलेला असतो. गाडीच्या पातळ ग्रेडच्या ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, ती क्लचच्या प्लेटा घसरवतात; इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. मोटरसायकलला कॅनवर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ हवं. दोन वेगळ्या कंपन्यांची एमए२ एकमेकांत चालतात. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला एमबी लिहिलेलं येतं. ते मोटरसायकलमध्ये नको. कारचं उरलेलं अर्धा लिटर वाया जाऊ नये म्हणून बुलेटमध्ये ओतणारे मला माहीत आहेत. नावं सांगत नाही, घरातलेच आहेत.

८. घरी पोचल्यावर

ऑइल गेलं कुठं, हे शोधा. हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. पार्किंगमध्ये माझ्या गाडीखाली दीड महिन्यापासून तळहाताएवढा काळा डाग होता. मी त्यावर पुठ्ठा टाकला होता, फरशी खराब होऊ नये म्हणून. गोडोलीच्या एका मिस्त्रीने गाडी वर घेतली, चेंबरच्या नटाला बोट लावलं आणि काळं बोट माझ्यापुढं धरलं. मागच्या बदलीला नटाचं वॉशर जुनंच चेपून बसवलेलं होतं. नवं वॉशर दहा-वीस रुपयांचं. दर बदलीला ते आणि फिल्टर नवं घ्या, समोर उभं राहून.

वरच्या खुणेपर्यंत पाव-अर्धा लिटरच दुसरं गेलं असेल तर पुढच्या ठरलेल्या बदलीपर्यंत चालवा. माझ्यासारखं निम्मं झालं असेल तर मुदतीची वाट बघू नका; मी दीड हजार किलोमीटरच्या आत सगळं काढून टाकलं. ‘आधी इंजिन फ्लश करावं लागेल, दोन ऑइल झालीत’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. नट उघडून कितीही वेळ ठेवलं तरी थोडं जुनं ऑइल इंजिनात राहतंच. म्हणजे प्रत्येक बदलीला थोडंफार मिसळणं होतच असतं, आणि गाड्या चालतात.

निघालेलं काळं ऑइल घरी आणू नका. गावाकडं ते वाळवी लागू नये म्हणून खांबांना, दारांना फासायची पद्धत आहे. गटारात ओतणारेही आहेत, आणि आपली गटारं शेवटी वेण्णा-कृष्णेलाच जातात. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. नोंदणी असलेल्या रीसायकलरला ते देणाऱ्या गॅरेजमध्येच बदली करा, आणि ‘ऑइल कोण नेतं?’ असं सरळ विचारा.

रिकामा कॅन मात्र मागून घ्या आणि तिथंच स्क्रूड्रायव्हरने त्याला भोक पाडा. चांगल्या कंपनीचे धड कॅन विकत घेऊन त्यात भलतंच ऑइल भरून पुन्हा विकणारे असतात. मिस्त्री जरा नाराज होतो. होऊ दे.